पासष्टीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांसाठी: खासदार श्री ठाणेदार यांना खुले पत्र

मा. श्री ठाणेदार,
सदस्य, प्रतिनिधीगृह, अमेरिकन काँग्रेस (मिशिगन, १३ वा मतदारसंघ)

सा. न. वि. वि.

मी मिशिगनमधल्या, डेट्रॉईट शहर ज्यात आहे त्या वेन काउंटीतल्या एका फार्मसीत गेली सतरा वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करते. हे पत्र मराठीत लिहिण्याची कारणे दोन आहेत. चिकोडीला जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले आपण हे पत्र कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचू शकता, आणि अमेरिकेच्या कायदेमंडळात बसणाऱ्या माणसाशी मायबोलीत बोलण्याची संधी आम्हाला सहसा मिळत नाही. दुसरे कारण असे की, नव्वदच्या दशकात संगणकाच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून जी मराठी पिढी या देशात आली आणि इथेच नागरिक झाली, तिच्यातले बरेच जण आज पंचावन्न ते चौसष्ट या वयात आहेत. मला जे सांगायचे आहे ते नेमके याच वयातल्या सगळ्या अमेरिकनांबद्दल आहे, मग ते मराठी असोत वा नसोत.

औषधांच्या किमतींबाबत काँग्रेसने अलीकडच्या काळात काही खरोखर चांगले निर्णय घेतले. परंतु त्यांतले बहुतेक मेडिकेअर या वयस्कांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यापुरते आहेत, म्हणजे काही अपंग आणि गंभीर आजारी माणसे सोडली तर ते साधारणपणे ६५ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्यापासून लागू होतात. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत माणूस बाजाराच्या हवाली असतो. पलीकडच्यांना जे दिलेत तेच अलीकडच्यांनाही द्या, एवढीच माझी मागणी आहे.

फार्मसीत जानेवारी हा वर्षातला सगळ्यांत अवघड महिना असतो. बहुतेक विमा योजनांचे डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने दरवर्षी स्वतः भरायची रक्कम, १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून मोजले जाऊ लागते; त्यामुळे डिसेंबरात ज्या औषधाला चाळीस डॉलर पडत होते, त्याच औषधाला विमा कंपनीने हात लावण्याआधी चारशे-पाचशे डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. तयार झालेले औषध आम्ही पांढऱ्या कागदी पिशवीत घालतो, नावाची चिठ्ठी लावतो आणि आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे कप्प्यात ठेवतो. दहा-बारा दिवसांत कोणी ते नेले नाही, तर विमा कंपनीकडे केलेला दावा मागे घ्यायचा, पिशवीवरचे नाव फाडून टाकायचे आणि औषध पुन्हा फळीवर ठेवायचे, असा नियम आहे. आमच्या भाषेत याला 'रिटर्न टू स्टॉक' म्हणतात. सोमवारी सकाळी हे काम बहुधा माझ्याकडे असते. जानेवारीच्या अखेरीस नावे फाडता फाडता मला कळत जाते की मधुमेहाची गोळी कोणी सोडली, दम्याचा पंप कोणी सोडला आणि कोणी केवळ स्वस्तातली रक्तदाबाची गोळी नेऊन बाकीच्या दोन तशाच ठेवल्या. आजार बरा झाला म्हणून ही औषधे मागे राहिलेली नसतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ काउंटरवर आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. महिन्याच्या साठ गोळ्यांचे सहाशे डॉलरच्या आसपास होत होते. त्यांनी पाकीट उघडून आत पाहिले, पुन्हा मिटले आणि विचारले, "चौदा गोळ्या देता येतील का?" मी चौदा मोजून दिल्या. ही गोळी मधेच बंद केली तर रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, हेही मी त्यांना सांगितले, कारण ते सांगणे माझे कर्तव्य आहे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की सप्टेंबरात मला मेडिकेअर लागेल, तोवर कसेतरी पुरवून घेतो. मधले महिने ते कधी पंधरा, कधी वीस अशा गोळ्या नेत राहिले. सप्टेंबरात ते नवे कार्ड घेऊन आले तेव्हा पडद्यावर आलेला आकडा पन्नास डॉलरच्या आत होता. त्यांनी पिशवी उघडून डबी हातात घेतली आणि विचारले, "औषध तेच आहे ना?" गोळी तीच होती आणि मोजणारी मीही तीच होते.

हा फरक कुठून येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सांगते. २००३ साली मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश झाला तेव्हाच, सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करू नये, असे कलम त्या कायद्यात घातले गेले. ते बंधन २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने काही औषधांपुरते उठवले. पहिल्या दहा औषधांच्या ठरवून घेतलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. त्यांत मधुमेहाच्या जानुव्हिया या गोळीची महिन्याची किंमत २०२३ च्या यादीतल्या ५२७ डॉलरवरून ११३ वर आली आणि जार्डियन्सची ५७३ वरून १९७ वर. रक्त पातळ ठेवणारी दोन औषधेही त्या यादीत आहेत. त्याच कायद्याने मेडिकेअरमधल्या माणसाच्या औषधांवरच्या खिशातल्या खर्चाला २०२५ मध्ये वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा घातली (यंदा ती २,१०० आहे) आणि ती रक्कमही महिन्याच्या हप्त्यांनी फेडण्याची सोय दिली. हप्त्यांची ही सोय कागदावर किरकोळ दिसते. परंतु ज्याच्या हातात महिन्याचा पगार किंवा पेन्शनच येते, त्याच्यासाठी औषध जानेवारीत मिळणे आणि मार्चमध्ये मिळणे यातला तो फरक आहे.

आपण रसायनशास्त्रज्ञ आहात. गोळीतल्या रेणूला वय कळत नाही. एकसष्टाव्या वर्षी मधुमेह झालेल्या बाईला एक किंमत आणि सहासष्टाव्या वर्षी झालेल्या बाईला दुसरी असे ठरवणारे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. हा भेद कायद्याने केलेला आहे आणि कायद्यानेच तो मिटवता येईल. प्रतिनिधीगृहाने तसा प्रयत्न एकदा केलाही होता: १२ डिसेंबर २०१९ रोजी संमत झालेल्या एच. आर. ३ या विधेयकात, सरकारने ठरवून घेतलेली किंमत खाजगी विमा योजनांनाही मिळावी अशी तरतूद होती. सिनेटने ते विचारातच घेतले नाही. ते पुन्हा आणावे, ही माझी पहिली मागणी.

तोवर एक तुलनेने सोपा बदल तरी व्हावा. औषध कंपनी यादीतली किंमत मोठी ठेवते आणि नंतर पीबीएम म्हणजे औषधांचा व्यवहार सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना व विमा कंपन्यांना मागच्या दाराने रिबेट देते. देशातल्या सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनचे व्यवहार अशा तीन कंपन्यांच्या हातात आहेत. डिडक्टिबल भरणाऱ्या रुग्णाकडून मात्र पैसे घेतले जातात ते रिबेट वजा न करता, यादीतल्या किमतीच्या हिशेबाने. म्हणजे त्याच्या आजारावर मिळालेली सवलत त्यालाच मिळत नाही. आमच्या व्यवसायात २०१८ पर्यंत याहून वाईट प्रकार होता: विमा न वापरता रोख पैसे दिले तर औषध स्वस्त पडेल, हे रुग्णाला आपणहून सांगू नये, असे कलम काही करारांत फार्मासिस्टवर लादलेले असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात काँग्रेसने दोन कायदे करून ती तोंडबंदी उठवली. तेव्हापासून मी प्रत्येक महागड्या प्रिस्क्रिप्शनला दोन्ही किमती काढून पाहते, आणि रोखीची किंमत कमी निघते असे कितीदा तरी होते. दोन छोट्या कायद्यांनी माझ्या काउंटरवर काय बदलले, हे मी रोज पाहते. म्हणूनच काँग्रेसकडून काही होणार नाही, असे मला वाटत नाही.

इन्सुलिनबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण आपण दोघे ज्या नदीच्या काठी राहतो तिच्या पलीकडेच कॅनडातले विंडसर दिसते. जुलै २०१९ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स डेट्रॉईटहून मधुमेही माणसांना घेऊन बसने विंडसरला गेले होते, आणि इथल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात त्या लोकांनी तिथे इन्सुलिन विकत घेतले होते. ज्या टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला ते इथून गाडीने चार तासांवर आहे, आणि संशोधकांनी १९२३ मध्ये त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. मेडिकेअरमध्ये २०२३ पासून इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आहे. तीच मर्यादा खाजगी विमा असलेल्यांना लावण्याची तरतूद ऑगस्ट २०२२ मध्ये सिनेटपुढे आली तेव्हा ५७ मते बाजूने पडली आणि ६० हवी होती. तीन मते कमी पडली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपणहून किमती उतरवल्या आणि ३५ डॉलरच्या योजना आणल्या, याचे मी स्वागतच करते. परंतु कंपनीने आपणहून दिलेली सवलत कंपनी आपणहून काढूनही घेऊ शकते. टाइप १ मधुमेह अनेकदा लहानपणी किंवा तरुणपणी होतो. त्या मुलाला पासष्टीची वाट पाहायला सांगणे म्हणजे काय, याचा सभागृहाने एकदा नीट विचार करावा.

आता विम्याच्या हप्त्यांकडे येते. अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला बांधला गेला, त्या इतिहासात आपल्या गावाचा मोठा वाटा आहे. १९५० साली जनरल मोटर्स आणि वाहन कामगारांची युनियन यांच्यात झालेल्या, 'डेट्रॉईटचा तह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करारात कंपनीने कामगारांच्या आरोग्य विम्याचा निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. त्या कामगारांच्या आयुष्यात या कराराने मोठे स्थैर्य आणले, यात शंका नाही. पण युनियनचे नेते वॉल्टर रूथर यांना स्वतःलाच ही व्यवस्था पुरेशी वाटत नव्हती. सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा हवा म्हणून त्यांनी १९६८ मध्ये वेगळी समितीच स्थापन केली. त्याही आधी, १९४३ मध्ये, याच भागातले खासदार जॉन डिंगेल यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयक आणले होते. १९५५ मध्ये त्यांच्या जागी निवडून आलेले त्यांचे चिरंजीव प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये तसे विधेयक मांडत राहिले आणि १९६५ मध्ये प्रतिनिधीगृहात मेडिकेअर संमत झाले तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. डेट्रॉईटच्या लोकप्रतिनिधींकडे हे काम परंपरेने आलेले आहे, आणि म्हणूनच आपल्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

नोकरी गेली की विमा जातो. अठ्ठावन्नाव्या वर्षी ले-ऑफ झालेल्या माणसाला कोब्रा कायद्याखाली जुनाच विमा साधारणपणे अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र कंपनीच्या वाट्यासह पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के भरून. २०२५ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे २,३०० डॉलर होतात, आणि तेही उत्पन्न थांबलेले असताना. इथल्या मराठी घरांमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत हा हिशेब मी कितीतरी वेळा मांडलेला पाहिला आहे. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत पूर्वी मुलांच्या कॉलेजच्या गोष्टी निघत, आता कोब्रा संपल्यावर काय करायचे हे विचारले जाते.

यावर उपाय म्हणून मार्केटप्लेस, म्हणजे नोकरीबाहेर स्वतःचा विमा विकत घेण्याची सरकारने उभारलेली बाजारपेठ, होते. तिथल्या विम्याच्या हप्त्यांवरची २०२१ मध्ये वाढवलेली करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. याच प्रश्नावरून सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद राहिले, आणि तरीही ती सवलत वाचली नाही. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज असा होता की सवलत घेणाऱ्यांना भरावा लागणारा हप्ता सरासरीने दुपटीहून अधिक, म्हणजे वर्षाला ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल. सरासरीत सगळ्यांत जास्त होरपळणारा माणूस मात्र दिसत नाही. जुना नियम परत आल्यामुळे एकट्या माणसाचे वार्षिक उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या वर एक डॉलर जरी गेले तरी त्याला छदामही सवलत मिळत नाही. आणि वयस्कांचा हप्ता तरुणांच्या तिपटीपर्यंत नेण्याची मुभा कायद्यातच आहे. या दोन गोष्टी एकत्र येतात त्या साठीच्या आसपासच्या, स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या माणसावर. असे गिऱ्हाईक मला यंदा जानेवारीत भेटले: वीस वर्षे गॅरेज चालवणारा माणूस, ज्याने यंदा विमाच घेतलेला नाही. त्याने मला सांगितले की जून २०२७ पर्यंत तब्येत सांभाळायची, मग मेडिकेअर आहेच.

ही करसवलत कायमची करावी, आणि त्याबरोबर पंचावन्न किंवा निदान साठ वर्षांपासून योग्य हप्ता भरून मेडिकेअरमध्ये येण्याची मुभा द्यावी. ही कल्पना काही नवी नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती १९९८ मध्ये मांडली होती. २००९ मध्ये सिनेटमध्ये ती कायद्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आली आणि मागे पडली. आपल्याच राज्याच्या तेव्हाच्या सिनेटर डेबी स्टॅबेनो यांनी २०१९ मध्ये पन्नास वर्षांपासून अशी मुभा देणारे विधेयक मांडले होते. मिशिगनमधून ते पुन्हा मांडले जावे.

मेडिकेडबद्दल, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या सरकारी विम्याबद्दल, थोडक्यात, पण तितक्याच तळमळीने लिहिते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, विस्तारित मेडिकेड घेणाऱ्या प्रौढांना महिन्याला ८० तास कामाचा किंवा तत्सम गोष्टींचा पुरावा देण्याची अट घातली आहे. राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. अर्कान्सास राज्याने २०१८ मध्ये अशीच अट लावली तेव्हा काही महिन्यांत १८,००० हून अधिक माणसांचा विमा गेला. मिशिगनने २०२० मध्ये ती सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांतच न्यायालयाने ती थांबवली. काम न करणारे लोक यातून वेगळे निघतात, असे मानणाऱ्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही, पण काउंटरवर मला दिसते ते वेगळेच. पडद्यावर 'इनॲक्टिव्ह', म्हणजे विमा बंद, हा शब्द येतो आणि समोर उभी असलेली बाई वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून, गणवेश न बदलता आलेली असते. घर बदलले म्हणून पत्र जुन्या पत्त्यावर गेलेले असते. हा कायदा रद्द करण्याइतकी मते आज नसतील, तर निदान पगाराच्या सरकारी नोंदींवरून तपासणी आपोआप व्हावी आणि कागद पोचला नाही म्हणून कोणाचे औषध थांबू नये, एवढे तरी पाहा.

स्वस्त औषधही मिळायला दुकान जवळ लागते. एका मोठ्या साखळीची मिशिगनमधली सगळी दुकाने २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हापासून आमच्याकडे दोन बस बदलून येणारी म्हातारी माणसे आहेत. डॉक्टरांचेही तेच. मेडिकेअरच्या पैशातून चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, जागांवर १९९७ मध्ये घातलेली मर्यादा नंतर थोडीच सैल झाली आहे. जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांना टंचाईच्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या बदल्यात इथे राहू देणारी, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा देणारी कॉनराड योजना १९९४ पासून आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत शिकलेले कितीतरी डॉक्टर याच वाटेने अमेरिकेतल्या लहान गावांत पोचले आणि काही तिथेच रमले. या जागा वाढवायला फारसा खर्चही नाही.

खर्चाचा प्रश्न निघेलच. २०२३ मध्ये या देशाने आरोग्यावर ४.९ ट्रिलियन डॉलर, म्हणजे माणशी १४,५७० डॉलर खर्च केले. इतके पैसे ओतणाऱ्या देशात चौदा गोळ्या मोजून द्याव्या लागत असतील, तर पैसा अपुरा आहे असे म्हणता येत नाही. किमती उतरल्या तर नवे संशोधन थांबेल, असे औषध कंपन्या सांगतात. ही भीती मी उडवून लावत नाही, कारण मी ज्या औषधांवर जगते आणि माझे रुग्ण जगतात ती संशोधनातूनच आली आहेत. पण ठरवून घेतलेल्या पहिल्या दहा किमती २०२३ मध्येच असत्या तर मेडिकेअरचे त्या वर्षात सुमारे ६ अब्ज डॉलर वाचले असते, असे सरकारचे गणित आहे, आणि त्या दहाही औषधांचे उत्पादक वाटाघाटीला बसले आणि त्यांनी सह्या केल्या. संशोधनाचा खर्च कोणीतरी उचलायलाच हवा. तो एकसष्ट वर्षांच्या, डिडक्टिबल भरणाऱ्या आजारी बाईने उचलावा, हे मला मान्य नाही.

तेव्हा आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. ठरवून घेतलेल्या किमती खाजगी विम्याला लागू करणे, इन्सुलिनची ३५ डॉलरची मर्यादा सर्वांना देणे, हप्त्यांवरची करसवलत कायम करणे आणि साठीपासून मेडिकेअर खुले करणे, या चार गोष्टींपैकी कोणत्या विधेयकांवर आपण सही केली आहे किंवा करणार आहात आणि कोणत्यावर नाही, हे मतदारसंघात जाहीरपणे सांगावे. नकार असेल तर त्याचे कारणही सांगावे. उत्तर मराठीत आले तर मी ते इथल्या महाराष्ट्र मंडळात वाचून दाखवीन आणि इंग्रजीत आले तर फार्मसीच्या फलकावर, फ्लूच्या लसीच्या सूचनेशेजारी लावीन.

कळावे,

आपली नम्र,
वेन काउंटीतली एक मराठी फार्मासिस्ट